मेंढरांच्या भरवशावरचा पूल

सिरसाळ्याहून वडवणीकडं जाताना ओढ्यावर जुना पूल लागतो. कागदोपत्री त्याचं आयुष्य केव्हाच संपलं होतं, पूल मात्र उभा होता. तो अजून किती वर्षं टिकेल, हा अंदाज नव्यानं मांडायचं काम बांधकाम कार्यालयातल्या ऋतुजाकडं आलं. तिनं पुलाखाली यंत्रं बसवली, वर वजन ठेवायला वाळूची पोती मागवली. पोती काही आली नाहीत. आला तो सुग्रीव धनगर, मेंढरं घेऊन.

ऋतुजानं त्याला कळप मधोमध थांबवायला सांगितलं. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून दाटीवाटीनं उभी राहिली. पूल अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी वाकला. नवं मोजमाप गणितात धरल्यावर पुलाचा भरवसा चांगलाच वाढला. तिनं अहवालात इमानदारीनं लिहिलं, की चाचणी मेंढरांच्या वजनाखाली झाली असून जड वाहनांसाठी ती पुन्हा घ्यावी.

तिचे साहेब भगवानराव यांनी वाक्य अर्धंच वाचलं आणि हुकूम काढला, ‘पूल मेंढरांसह वाहतुकीस योग्य.’

तेव्हापासून वडवणीची बस मेंढरांची वाट बघत थांबू लागली. कळप पुढं, बस मागं. पुलाच्या दीर्घ मुदतीच्या देखभाल आराखड्यात चाऱ्याची तरतूद झाली. ऋतुजा साहेबांशी भांडायला गेली, तर ते शांतपणे म्हणाले, “तुझ्याच आकड्यांवर चाललंय सगळं. मेंढरं काढली तर आपल्याकडं पुरावा काय उरतो?”

गणिताच्या हिशेबानं त्यांचं अर्धं बरोबरच होतं.

दिवाळी झाली आणि सुग्रीव तिला भेटायला आला. चेहरा काळजीचा.

“मॅडम, आता आमी चराईला लांब जातो. पूल संगं न्यावा लागंल का?”

ऋतुजा तडक परळीला गेली. तिथल्या वीजकेंद्राच्या राखेनं भरलेले ट्रक ठरवले. ड्रायव्हर पुलावर चढायला तयार होईनात, म्हणून पहिल्या ट्रकात ती स्वतः बसली. पूल नीट वागला. अंदाज पुन्हा वाढला आणि मेंढरांची अट निघाली. सुग्रीव कळप घेऊन मोकळ्या मनानं निघून गेला.

पण बस पुलाशी येऊन थांबली ती थांबलीच. कंडक्टर योगिताचा नाइलाज होता, प्रवासी खाली उतरले होते. बाजाराला निघालेली साखराबाई टोपली घेऊन कठड्याशी बसली.

“मेंढरं न्हाईत, तर आमी का म्हून जावं?”

ऋतुजानं तिथं येऊन ट्रकांचं सांगितलं, आकडे सांगितले. कुणी हललं नाही.

“मग तू हो म्होरं,” साखराबाई म्हणाली.

माणसं बसमध्ये चढली आणि ऋतुजा पुढं चालू लागली. निम्म्यात आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण हलक्या पावलांनी चालतोय. तिला स्वतःचाच राग आला. तिनं मुद्दाम पाय आपटला. मागं ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

बस सुखरूप पलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी ऋतुजाच्या हातात वडवणीच्या बसचं वेळापत्रक ठेवलं.