फोकसची कडी कुणी फिरवली?

मी पत्रा कापणाऱ्या लेझर मशीनच्या डोक्यावरची कडी बोलतेय. तीच, बोटांनी फिरवायची, अंगावर आकड्यांच्या रेघा असलेली. मला फिरवलं की आतली काच वर-खाली सरकते आणि प्रकाशाचं टोक पत्र्यात किती खोल बसायचं ते ठरतं. टोक जागेवर असलं की पत्र्याची कड गुळगुळीत निघते. जरा वर सरकलं की खालच्या बाजूला वितळलेल्या पोलादाचे काटे लोंबतात आणि सगळा माल घासत बसावं लागतं.

माझा स्वभाव संशयी आहे. जिला येता-जाता कुणीही पिळतं, तिने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

मला हात लावणारे दोघंच. सकाळपाळीला दाजी आणि दुपारपाळीला त्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दाजींनीच त्याला इथे चिकटवलं, हाताला धरून शिकवलं. तो पाळीवर आला की दोघं माझ्याशेजारी उभे राहून घरच्या गप्पा मारायचे.

मग एका सकाळी दाजींनी पहिला तुकडा कापला आणि कड खडबडीत निघाली. पाहिलं तर मी रेघभर खाली. "याने हात लावलाय," ते पुटपुटले आणि मला जागेवर आणलं. दुपारी मेहुण्याच्या तुकड्याला काटे आले. "दाजी बिघडवून जातात," असं म्हणत त्याने मला पुन्हा खाली नेलं. मग रोज हेच. एकमेकांना विचारायचं मात्र कुणी नाव घेईना. मला विचाराल, तर मला दोघांचाही संशय होता. एकाच माळेचे मणी!

शेवटी दाजी मालकांकडे गेले. "मेहुणा असला म्हणून काय झालं? मशीनशी खोडसाळपणा चालायचा नाही."

मालकांनी मेहुण्याला बोलावलं. "मी तर फक्त बरोबर करत होतो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. मालकांनी त्याला घरी बसवलं. जाताना तो दाजींजवळ थांबला. "ताईला काय सांगणार?"

दाजींनी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाळ्या दाजींनी अंगावर घेतल्या. मला जागेवर आणून वर चिकटपट्टी लावली आणि तिथून हलले नाहीत. सकाळच्या कडा झकास निघाल्या. दुपार झाली आणि काटे आले. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. दाजींनी इकडेतिकडे पाहिलं, पण संशय घ्यायला आता कुणी उरलंच नव्हतं.

त्यांनी काच बाहेर काढली. तिच्यावर धुराचा डाग होता. डागामुळे काच तापायची आणि तापली की प्रकाशाचं टोक आपोआप वर सरकायचं. सकाळपर्यंत थंड झाली की पुन्हा मूळ जागी. म्हणजे सकाळचा माणूसही खरा होता आणि दुपारचाही.

दाजींनी काच फडक्यात गुंडाळली. मला वाटलं, आता हे गुपचूप काच बदलतील आणि सगळं गिळून टाकतील. पाहणारं होतं तरी कोण? पण त्यांनी मालकांना काच दाखवली आणि मेहुण्याला फोन लावला.

"उद्यापासून ये रे. तुझं काही चुकलं नव्हतं."

"येईन, दाजी. पण आधी ताईला सांगा."

दाजींनी बायकोला फोन लावला. खरंच लावला ना, अशी मला शंका आली. पण पलीकडून आवाज आला.

"ऐक, तुझ्या भावाने काही केलं नव्हतं."

"मला ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? त्यानेच केलं, असं सांगून मोकळे झालात."

फोन ठेवल्याचा आवाज आला, तरी दाजी तो कानाला धरून होते.

आता नवी काच बसलीय. पाळी बदलताना दोघं समोरासमोर एक तुकडा कापतात, कड तपासतात आणि मगच दाजी घरी जातात. मेहुणा कामापुरतं बोलतो. घरच्या गोष्टी काढत नाही. माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे, की कड बिघडली तर आधी काच काढून बघा. माणूस कुठे पळून जात नाही, पण एकदा घालवला की परत आला तरी पहिल्यासारखा येत नाही.