तिनं सपाट रस्ता मागितला

तिला डोंगर हवा होता, म्हणून तिनं सपाट रस्ता मागितला.

नवऱ्याच्या जिममध्ये, रबराच्या चटयांवर फतकल मारून क्लबची मंडळी बसली होती. यंदा अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन कुठली करायची, यावर खल चालला होता. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, हे सगळीकडे सारखंच. भांडण रस्त्याचं होतं. एक शर्यत किनाऱ्यावरची. तळहातासारखा सपाट रस्ता आणि त्याच रस्त्यावर गोल गोल फेऱ्या. दुसरी डोंगराची. अलीकडच्या तलावात पोहायचं, सायकलीनं आख्खा डोंगर ओलांडायचा आणि पलीकडच्या गावात उतरून धावायचं. धावायचे बूट आदल्या दिवशी पिशवीत घालून द्यायचे, आयोजक ती पिशवी पलीकडे नेऊन ठेवतात. आणि घाट दिवसभर गाड्यांना बंद.

जिमच्या भिंतीवरच्या पत्रकात हे शेवटचं वाक्य वाचल्यापासून तिला धड झोप लागली नव्हती.

"डोंगर नको रे बाबा," दातांचा डॉक्टर म्हणाला. "आपलं इंजिन चढावर धूर सोडेल, आणि ही काडी वर जाऊन एक डुलकी काढून येईल!"

सगळे खो खो हसले. क्लबात नवऱ्याला इंजिन म्हणत आणि तिला काडी. नवराही हसला. ते हसू तिच्या चांगलं ओळखीचं होतं. त्याची वसुली घरी व्हायची.

"खरंच हो," ती म्हणाली, "किनाऱ्याचीच बरी. चढ तुम्हाला झेपायचा नाही."

घरी स्वयंपाकघराचं दार लागलं आणि पहिली थप्पड कानाखाली बसली. दुसरीला तिचं डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. "मला झेपायचं नाही? चारचौघांत सांगतेस? चारचौघांत?" केसांना धरून त्यानं तिला ओट्यापर्यंत फरफटत नेलं, तिच्या नाकासमोर मोबाइल धरला आणि डोंगराच्या शर्यतीत दोघांची नावं घातली. "आता बघू कोणाला झेपतं ते."

तो बाहेर गेला. ती जमिनीवरच बसून राहिली, तोंडात रक्ताची चव घोळवत. ती म्हणेल त्याच्या नेमकं उलट करायचं, ही त्याची लग्नापासूनची खोड. आज पहिल्यांदा ती खोड कामाला आली होती.

दारात ठकी उभी होती. पाच वर्षांची, एका पायात मोजा.

"आई, पडलीस?"

"हो गं. पडले."

"परत?"

"परत."

ठकीनं जवळ येऊन फुंकर घातली. बरोबर कानावर, जिथं ठणकत होतं तिथंच.

घराची किल्ली त्याच्याकडे, तिचा मोबाइल त्याच्याकडे. जिमच्या मागच्या खोलीत ती सभासदांच्या सायकली दुरुस्त करायची, तर तिथंही मधे काच होती आणि काचेपलीकडे तो. ठकीला घेऊन कोपऱ्यापर्यंतही जायची सोय नव्हती. शर्यतीच्या दिवशी मात्र ठकी वन्संकडे असायची. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. शाळेची व्हॅन चालवायच्या, बोलायच्या कमी. ठकीला आणून बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभं करायचं, हे त्यांचं ठरलेलं काम. किनाऱ्यावर त्याचा काही उपयोग नव्हता. गोल फेऱ्यांत तो सारखा समोरून आला असता. डोंगरावर वन्सं घाट बंद व्हायच्या आधीच पलीकडे गेलेल्या असणार, आणि एकदा का ती पुढे निघाली, की मागून गाडीही येऊ शकत नव्हती.

वन्सं ठकीला न्यायला आल्या तेव्हा तिनं जिन्यात एका दमात सगळं सांगून टाकलं. वन्संनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फक्त तिची कॉलर वर ओढली, मानेवरचं निळं झाकेल अशी, आणि जिना उतरून गेल्या. शेवटी सख्खा भाऊ. काय समजायचं?

शर्यतीआधी तिनं त्याची सायकल तपासली. "मागचं चक्र मोठं बसवू? चढाला हलकं जाईल."

"बायकी चक्रं मला नकोत."

"बरं," ती म्हणाली. हेच उत्तर तिला हवं होतं.

स्वतःच्या पिशवीत तिनं बूट घातले. बुटांखाली ठकीचा स्वेटर, आणि स्वेटरात गुंडाळलेला कापडी ससा. तो धुवायला टाकलाय म्हणून ठकीला खोटं सांगितलं होतं.

भोंगा वाजला आणि तलाव उकळला. लाथा, कोपरं, नखं. शेकडो माणसं एकमेकांच्या अंगावरून पोहत होती. नवखे किंचाळत कडेला पळाले. तिला उलट बरं वाटलं. ज्यात राग नाही असा मार म्हणजे सुट्टीच की.

मग एका हातानं तिचा घोटा पकडला. तो हात तिनं पाण्यातही ओळखला. त्यानं तिला खाली ओढलं, पाठीवर गुडघा रोवला. नाकातोंडात पाणी गेलं, डोळ्यांपुढे हिरवा अंधार आला. आजवर तिनं कधी हात उचलला नव्हता. तिनं पाय उचलला. टाच कशावर तरी कचकन बसली आणि घोटा सुटला.

सायकलवर त्यानं तिला घाटाच्या पायथ्याशी गाठलं. नाकातून रक्त ओघळत होतं, दात लाल झाले होते.

"मला लाथ मारतेस? मला?"

पुढचं-मागचं कुणी जवळ नाही असं बघून त्यानं तिच्या चाकावर पाय मारला. ती खडीवर आडवी घसरत गेली. कोपराचं कातडं सोलून निघालं, मांडीत खडे रुतले. तो मागे वळून हसला आणि पुढे गेला. साखळी उतरली होती. तिनं ती बसवली. बोटांना सवय होती म्हणून बसली.

आणि मग चढ सुरू झाला.

काही वळणांवरच तो दिसला. पॅडलवर उभा राहून, जड चक्र रेटत, रस्ताभर नागमोडी चालला होता. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. ती शेजारून निघाली तेव्हा त्यानं झेप घालून तिचा शर्ट धरला. कापड टर्रकन फाटलं. त्याचं चाक जागीच थांबलं, बूट पॅडलला अडकलेले, आणि तो आहे तसा सायकलीसकट कठड्यावर कोसळला.

"घरी ये!" तो खालून ओरडला. "घरी ये, मग बघतो तुला!"

तिनं मागे पाहिलं नाही. पुढचा सगळा डोंगर ती रडत चढली, आणि चढताना तिला तो आवडलाही.

पलीकडे उतरली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. तिनं सायकल टेकवली, पिशवी उचलली आणि दोरीपाशी पाहिलं. वन्सं नव्हत्या. ठकी नव्हती. एक कार्यकर्ती म्हणत होती, "अहो, धावायची वाट इकडून!"

तेवढ्यात दोन बसच्या मधे पिवळी व्हॅन दिसली. तोंड मोठ्या रस्त्याकडे, इंजिन चालू. आत ठकी, शेजारी वन्सं.

"कुठवर आलाय?"

"घाटात पडलाय."

"लागलंय?"

"नाकाला. मी लाथ मारली."

वन्संनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुठल्या पायानं?"

"उजव्या."

"डावा काय भाड्यानं दिला होतास?" त्यांनी तिला चालकाच्या सीटकडे ढकललं. "थेट तुझ्या मावशीकडे जा. मधे थांबू नकोस."

"तुम्ही?"

"कुणीतरी दिसायला हवं ना त्याला इथं. सांगीन, दोघी बाथरूमला गेल्यात."

"वन्सं, तो तुम्हाला मारेल."

"मारेल की. लहानपणी बाबा आईला मारायचे तेव्हा आम्ही दोघं पलंगाखाली एकमेकांना बिलगून बसायचो. बाहेर येऊन तो हे शिकला." चाकं खोलायचा लांब पाना त्यांनी ओढणीआड धरला होता. "मी त्याची थोरली आहे. एकदा तरी शिकवायला हवं होतं मी. निघ."

व्हॅन मोठ्या रस्त्याला लागली. ठकीनं पिशवीतून ससा ओढून काढला, त्याचा वास घेतला आणि मग आईच्या कोपराकडे बघत बसली. रक्त बोटांपर्यंत आलं होतं.

"आई, पडलीस?"

आरशात मागचा रस्ता रिकामा होता.

"नाही गं. बाबांनी पाडलं."

"मला माहितीये," ठकी म्हणाली, आणि फुंकर घालायला सीटवर उभी राहिली.

"आधी खाली बस," आई म्हणाली. "पट्टा लाव. मग घाल."