ठमीचं नाव

माझा नवरा कबरी खणतो. आधी नव्या खणायचा, आता जुन्या उकरतो. दफनभूमीच्या मधून रस्ता जाणार आहे आणि तिथल्या सगळ्यांना टेकडीपलीकडच्या जागेत न्यायचंय. पण ‘उकरणं’ हा शब्द आमच्या घरात चालत नाही. आमच्याकडे ‘उठवणं’ म्हणतात. सासरे हेच काम करायचे, त्यांची ही रीत. आधी फावड्याच्या दांड्यानं दगडावर हलकेच टकटक करायची, मग हाक मारायची. “उठा मामा, जागा बदलायची आहे.” दगडावर नाव असलं तर नावानं, नसलं तर आजी, काका, ताई, जे शोभेल ते. मग खणायचं, हाडं पेटीत भरायची आणि नव्या जागी ठेवताना त्याच हाकेनं निजवायचं. “झोपा मामा.” ज्या हाकेनं उठवलं तिनंच निजवायचं, यात बदल चालत नाही. नाहीतर माणूस मधेच राहतं.

“मला नाही कधी एवढ्या मायेनं उठवलंस,” मी त्याला चिडवायची.

“तू हाकेच्या आधीच भांडायला उठलेली असतेस.”

ठमी आमची मुलगी. खरं नाव अजून ठरायचंय, पण जन्मली तेव्हाच अशी गुटगुटीत नि ठेंगणी की सासूबाई म्हणाल्या, “अगं बाई, ही तर ठमी!” तेच चिकटलं.

एका दुपारी ती पाळण्यात गाढ झोपली होती. मी खाली बसून दुपट्यांच्या घड्या करत होते. अचानक ती जागी झाली. रडली नाही. कुणीतरी हाक मारल्यावर बघावं तशी मान वळवून दाराकडे बघत राहिली. दारात कुणी नव्हतं. मी उठून बाहेरचा जिनाही पाहिला.

तेव्हापासून तिची झोपच उडाली. खांद्यावर डुलकी लागायची, पण खाली ठेवायला वाकले की डोळे टक्क उघडे. डॉक्टर म्हणाले, दात येताहेत. मी हिरड्यांवरून बोट फिरवून पाहिलं, दाताचा पत्ता नव्हता. खिडकीपासून ओट्यापर्यंत येरझारा घालून मी इतकी दमले की ती सासूबाईंकडे असतानाही माझी मांडी हलतच असायची.

सासूबाईंच्या लक्षात वेगळंच आलं. त्यांचा लेक घरी आला की ठमीला घेत नव्हता, तिला हाकही मारत नव्हता. जेवताना त्यांनी त्याला पकडलं.

“काय केलंस रे?”

“काही नाही.”

“बापासारखंच तुझं. खोटं बोललास की कान लाल होतात.”

मग त्यानं त्या दुपारचं सांगितलं. कुंपणाच्या कोपऱ्यात एक चिमुकली कबर होती. दगड पार झिजलेला, त्यावर नाव नाही, काही नाही. त्यानं टकटक केली आणि पुढे काय म्हणावं ते सुचेना. एवढ्याशा जिवाला कुठली हाक मारायची? तोंडात रोजची होती तीच आली. “ऊठ गं ठमे.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “दुसरा शब्द नव्हता जगात? बाळ म्हणायचंस, सोनू म्हणायचंस!”

“आलं तोंडातून.”

“पण निजवलंस ना नीट?” मी विचारलं.

“कुणाला निजवणार?” तो म्हणाला. खणलं तर आत काहीच नव्हतं. तान्ह्यांची हाडं मातीत विरून जातात. मुकादम म्हणाला, हाडं नाहीत तर पेटी नाही, पुढचं घे. त्यानं पुढचं घेतलं. खड्डा अजून उघडाच होता आणि सोमवारी तिथे रोलर फिरणार होता.

“उठवलंस आणि तशीच टाकून आलास?” भीती नंतर वाटली, आधी संतापच आला. उठवलेलं मूल उचलून घ्यायचं असतं, एवढं तर कुणालाही कळतं.

“आणायला जाईनही,” तो म्हणाला. “पण निजवताना म्हणावं लागेल ना. झोप गं ठमे. तेही मातीत ठेवून. माझ्याच्यानं नाही होणार.”

“खबरदार म्हणशील तर!” सासूबाई कडाडल्या. “आपल्या पोरीचं नाव पुरायचं?”

माझ्या मांडीवर ठमी दाराकडे बघत होती.

सकाळी तिला कडेवर घेऊन मी त्याच्याबरोबर गेले. मुकादम आडवा आला. “वहिनी, नुसती माती कसली वाहता? असं करत बसलो तर रस्ता व्हायचा कधी?”

“त्याच रस्त्यानं उद्या माझी पोर चालणार आहे,” मी म्हटलं. “खाली कुणी जागं नको.”

त्यानं डोकं खाजवलं आणि पायानंच एक रिकामी पेटी आमच्याकडे सरकवली.

खड्ड्याच्या तळाशी मातीचा एक पट्टा बाकीच्या मातीहून काळा, मऊ होता, पाळण्यातल्या गादीवर ओल राहते तसा. नवऱ्यानं फावडं बाजूला ठेवलं आणि ओंजळीनं माती उचलली. टेम्पोत माझ्या एका हातात ठमी, दुसऱ्या हातात पेटी. धक्का बसला की दोघींना सावरायचं. वाटेत कधीतरी लक्षात आलं, मी पेटीला थोपटतेय.

नव्या जागी त्यानं पेटी खाली ठेवली आणि नुसताच उभा राहिला.

“म्हण,” मी म्हटलं.

“आणि आपली?”

“आपलीला शोधू दुसरं. हिला कोण शोधणार आहे? हे आता हिचंच.”

त्यानं लेकीकडे पाहिलं. मग खाली वाकला. “झोप गं ठमे.”

माझ्या खांद्यावरची मान त्याच क्षणी जड झाली.

ती संध्याकाळपर्यंत झोपली. सासूबाई आधी फुगून बसल्या, मग स्वतःच नवी नावं सुचवू लागल्या. अजून एकही बसत नाहीये. तोवर आम्ही तिला नुसतंच ‘अगं’ म्हणतो.

कधी कामाच्या नादात माझ्या तोंडून जुनी हाक निघून जाते. लेक वळूनही बघत नाही, खेळत राहते. मग मी हातातलं काम टाकून दाराशी जाते आणि हळूच म्हणते, काही नाही गं, झोप तू.