दुपारी दोन ते चार

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. नोकरी लागल्यावर ती बोटांना लागली. कोड लिहिताना मी दर मिनिटाला खिडकी बदलतो: मेल, बातम्या, पुन्हा कोड, पुन्हा मेल.

हे मला आमच्याच कंपनीत बनत असलेल्या प्रोग्रॅमनं सांगितलं. संगणकावर काय उघडलंय, किती वेळ, किती टाइप केलं, एवढ्यावरून माणूस कुठलं काम करतोय हे तो ओळखतो. तो अजून शिकत होता, म्हणून मधूनच चौकट उघडून विचारायचा, "आत्ता काय करताय?" चाचणी आम्हा सहा जणांवरच चालली होती. मी वैतागून "काम" असं लिहायचो. फारच झालं तर "डोकं खाऊ नकोस."

शुक्रवारी ग्राहकाकडची फेरी रद्द करून बॉसबाईंनी मला दुपारी ऑफिसात, त्यांच्या खोलीत बोलावलं. बाईंच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं.

"तुझी सकाळ नेहमीसारखीच, माकडाची. पण दोन ते चार बघ! एका फाइलवर चाळीस-चाळीस मिनिटं. सोमवारी सगळ्यांना भिंतीवर दाखवणार आहे मी, उत्तरांसकट; ती अजून वाचली नाहीत मी. कसं जमतं ते तूच सांग."

सकाळी मी घरून काम करतो आणि दोन ते चार रोज ग्राहकाच्या इमारतीत असतो. तिथे बाहेरचा लॅपटॉप नेऊ देत नाहीत, म्हणून कंपनीचा लॅपटॉप घरीच राहतो. आणि घरी त्या वेळी फक्त माझी बायको असते.

जागेवर येऊन ऑफिसच्या संगणकावर मी उत्तरांची यादी उघडली. सकाळी माझं काम, काम, तेच. दोननंतर:

"जुनं आठवून बघतेय."

"हे आमच्या वेळी नव्हतं."

"चुकलं. परत."

"मंगळवारी मुलाखत. कुणाला सांगितलेलं नाही."

"भीती वाटतेय."

मी आणि बायको एकाच कंपनीत लागलो होतो. ती माझ्यापेक्षा चांगला कोड लिहायची, हे मी चारचौघांत कधी कबूल केलं नाही. मुलगी झाल्यावर तिनं नोकरी सोडली, त्याला आठ वर्षं झाली. मागच्या वर्षी तिनं एकदा विचारलं होतं, "परत सुरू करू का रे?" मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो होतो, "बघू."

गप्प बसलो असतो तर सोमवारी मी आयत्या बिळावरचा नागोबा झालो असतो, आणि तिची भीती सगळ्या टीमनं भिंतीवर वाचली असती. बोललो असतो तर लॅपटॉप गेला असता, तोही मुलाखतीच्या तोंडावर. मी तीनदा पाणी प्यायलो, दोनदा जिना उतरून वर आलो आणि शेवटी बाईंच्या खोलीत शिरलो.

"तो मी नाही. माझी बायको आहे."

बाईंनी यादी उघडून दोन-तीन ओळी वाचल्या. मग म्हणाल्या, "ती उत्तरं मी काढून टाकते. लॅपटॉप आज साडेपाचपर्यंत जमा कर. आणि लेखी खुलासा दे."

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मला बघून तिनं पटकन लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"आज इतक्या लवकर?"

"मंगळवारी मुलाखत आहे ना तुझी?"

तिचा चेहरा उतरला. मी सगळं सांगून टाकलं, लॅपटॉप परत द्यायचाय हेसुद्धा. ती रडेल किंवा भांडेल असं वाटलं होतं. ती वायर गुंडाळायला लागली.

"मुलाखत ताईच्या संगणकावरून देईन. पण सराव सगळा ह्यातच आहे."

"मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. लाज वाटली की माझा आवाज चढतोच. "एका प्रोग्रॅमला कळतं, आणि नवऱ्याला..."

"त्याला कुठे काय कळलं होतं?" ती म्हणाली. "त्यानं विचारलं."

मी खाली बसलो. खिशातला फोन दोनदा थरथरला, तो तसाच राहू दिला. झाकण उघडून लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

"काय करत होतीस आत्ता?"

तिनं आधी माझ्याकडे नीट पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग खुर्ची जवळ ओढून सांगायला लागली. कुठे अडलंय, काय नवीन आलंय, काय अजून जमत नाही. साडेपाच वाजून गेले तरी ती सांगतच होती.