जित्या लेकीच्या नावानं

साखराबाईच्या घरात साबण शिरला नाही तो नाहीच. धारूरच्या डोंगराखाली मेंढरं पाळणाऱ्यांची ही आठ-दहा घरांची वस्ती. सणासुदीला बाकीच्या घरांतून वासाचे भपकारे सुटायचे आणि ह्या घरातली माणसं आपली रिठे घासत बसायची. सून मुक्ता नांदायला आली तेव्हा तिनं माहेरून आणलेली साबणाची वडी सासऱ्यानं, म्हणजे बंकटनं, उचलून थेट उकिरड्यावर भिरकावली होती. नवी पोर, रडून रडून अर्धी झाली. तिला काय ठाऊक, की बंकटला साबण म्हटलं की एकच चेहरा दिसतो आणि तो त्याच्या पोटच्या लेकीचा असतो!

लेकीचं नाव बायडा. पडद्यावर ती मोहिनी झाली. आज साठीला टेकलेल्या कुठल्याही बाप्याला मोहिनीबद्दल विचारून बघा. आधी तो हसेल, आणि मग बायको ऐकत नाही ना ते बघेल.

झालं होतं असं, की धारूरच्या किल्ल्यावर सिनेमावाले आले होते. नायिकेच्या मागून कोकरू घेऊन जाणारी एक पोरगी त्यांना हवी होती, बस, एवढंच. बायडा कोकरू घेऊन चालली आणि कॅमेरावाल्यानं नायिकेला सोडून कॅमेरा हिच्यावरच धरला. काय नाक होतं हो पोरीचं! आठवड्याभरात शूटिंग उरकलं, आणि मेकअप करणाऱ्या वनमालाबाईंचं बोट धरून बायडा धारूरच्या स्टँडवरून एसटीत बसली. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोण जाऊ देणार होतं?

पुढं मुंबईत आधी घोळक्यात नाचली, मग नायिकेची मैत्रीण झाली, आणि मग एका सिनेमात धबधब्याखाली भिजली. तो सिनेमा असा काही चालला की साबणाच्या कंपनीनं तिला कागदावर छापलं, तेलाच्या कंपनीनं बाटलीवर चिकटवलं. मासिकवाले तिच्या चाफेकळी नाकावर पानंच्या पानं लिहायचे. तीन-चार सिनेमांत ती नायिकाही झाली. पण ह्या धंद्यात बाईचं वय लवकर होतं. मोहिनी आधी नायकाची वहिनी झाली, मग आई झाली, आणि तो नायक तिच्याहून थोराड होता, बोला! शेवटी शेवटी मालिकेतल्या दवाखान्यात डोळे मिटून पडायचं काम मिळायचं. मग तेही थांबलं. ज्या कॅमेरावाल्याबरोबर तिनं संसार केला तो वारला. मूलबाळ नव्हतं.

इकडं धारूरच्या बाजारात, रहीमच्या फळांच्या गाड्यामागच्या भिंतीवर, धबधब्याचं पोस्टर लागलं होतं तेव्हाची गोष्ट. वलं लुगडं अंगाला चिकटलेली, उघड्या खांद्यांची पोरगी. लोकांनी ते बंकटला हाताला धरून दाखवलं. बंकट काही वाईट माणूस नव्हता. पण लोकांना भ्यायचा. लांबच्या माणसाचं मरण कळलं की डोक्यावरून पाणी घ्यायची रीत आहे. त्यानं घरच्या झाडून सगळ्यांना ओढ्यावर नेलं आणि जित्या लेकीच्या नावानं आंघोळ केली. बायडाचा धाकटा भाऊ परमेश्वर तेव्हा एवढासा होता. अक्का मेली म्हणून तो खराच रडला.

आता बंकट राहिला नव्हता. साखराबाई ऐंशीच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उन्हाळ्याच्या तोंडी पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा परमेश्वरानं कुठून कुठून नंबर मिळवून फोन लावला. "अक्का, म्हातारी पडली. बघायची असंल तर ये." मोहिनीनं मुंबईतली भाड्याची खोली सोडली, दोन बॅगा भरल्या आणि आली.

गावानं तर तिला डोक्यावर घेतलं. शाल झाली, नारळ झाला, पोरासोरांनी खांद्याला खांदा लावून फोटो काढले. ज्यांच्या बापांनी बंकटला बाजारात पोस्टर दाखवलं, त्यांचीच ही पोरं. पण घरात भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेल्या म्हातारीनं तिच्याकडं तोंडसुद्धा वळवलं नाही. मोहिनीनं पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या पुढं केला, तेव्हा साखराबाई सुनेला म्हणाली, "मुक्ते, ह्या बाईला सांग, माझी लेक मेली. तिच्या नावानं आंघोळ झालीया. मेलेल्याच्या हातचं पाणी पीत नसतेत."

झालं! तेव्हापासून तीन हप्ते हेच. मोहिनी पाय चेपायला बसली तर म्हातारी पाय आखडायला जायची आणि कळ येऊन कण्हायची. भाकरी कुस्करून दिली तर ताट सरकवायची. मोहिनीनं आयुष्यात नकार काय थोडे खाल्ले होते? तोंडावर दारं लागली होती, हातातली कामं काढून घेतली होती. ते सगळं ती पचवून बसली होती. हे मात्र पचेना. तिला दुसरं काही नको होतं. आईनं एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचं घोटभर पाणी प्यावं. मग ती मेली तरी चालेल आणि आपण मेलो तरी चालेल, असं तिला रोज वाटायचं.

एकदा तिनं परमेश्वराकरवी सटव्याची आठवण काढून बघितली. सटवा ह्याच वस्तीतला. मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला, उमापूरकडं गेलता, आणि पुरात वाहून गेला म्हणून सांगावा आला. वस्तीनं त्याच्या नावानं आंघोळ केली, आणि दिवाळी झाल्यावर गडी हजर! तेव्हा जाणत्या अजिनाथबाबानं सांगितलं, मेलेला माणूस तसाच घरात घ्यायचा नसतो, त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. मग त्या मिशाळ बाप्याला त्याच्या आईनं पायावर घेतलं, साखराबाईनं वरून पाणी घातलं, कानात नाव सांगितलं, पाळण्याला हात लावून झोका दिला. छोटी बायडा हसून हसून लोळली होती.

"सटव्याची गोष्ट न्यारी," साखराबाई परमेश्वराला म्हणाली. "उगं डोस्कं खाऊ नगंस."

साखराबाईला ह्या कामातलं कुणी शिकवायची गरजच नव्हती. वस्तीतलं झाडून प्रत्येक पोर तिच्याच पायावर न्हालं होतं. पाणी कोपरानं बघायचं, टाळूवर तेल जिरवायचं, नाक चिमटीनं वर काढायचं, हातपाय ताणायचे. तिच्या हाताखालून गेलेलं पोर आंघोळीनंतर दोन प्रहर उठत नसे.

तर मे महिन्यात धर्मापुरीला मुक्ताच्या भाच्याचं लग्न निघालं. सगळी वस्ती टेम्पोत बसून गेली. मुक्तानं सासूजवळ तांब्या भरून ठेवला, मोहिनीला म्हणाली, "अक्का, तिच्या हाताला लागंल असा ठिवलाय. तेवढ्यावर दिस काढंल ती." पण टेम्पो वळणाआड गेला न गेला तोच अंगणातलं कोकरू आत शिरलं, आणि त्यानं धडक देऊन तांब्या लवंडला. सगळं पाणी जमिनीत.

मोहिनीनं दुसरा भरून आणला. साखराबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

ऊन चढत गेलं. पत्रे कडकड वाजायला लागले. मोहिनीनं परमेश्वराला फोन लावला, पुन्हा लावला. तिकडं वरातीच्या दणदणाटात कुणाला फोन ऐकू येणार? शेजारी चिटपाखरू नव्हतं. दुपार झाली तशी म्हातारीची जीभ टाळूला चिकटायला लागली. ओठ भेगाळले. मान एका अंगाला कलली.

"पी गं माय, पी," मोहिनी म्हणाली. "डोळे मीट, मुक्ता देतीय म्हण, पण पी."

म्हातारीनं दात घट्ट मिटले.

मग मात्र मोहिनीचं डोकं फिरलं. तांब्या तिनं खाली आपटला. इतक्या वर्षांची मुंबईची भाषा कुठल्या कुठं गेली.

"काय केलं गं म्या? चोरी केली का कुणाचं घर बुडवलं? भिजले, एवढंच ना? तुमाला वाटलं पोरगी मजा करायली! अगं, पूस महिना होता. भल्या पहाटंची येळ. धबधब्याला पाणी न्हवतं म्हून टँकरनं वरून सोडायले, आन पुन्यांदा, पुन्यांदा! वरून म्हंतेत हास. तीन दिस तापानं फणफणले, औषिद द्यायला माणूस न्हवतं. तवा तुजं नाव घेऊन रडले मी. आन तुमी हिकडं माज्या नावानं आंघोळ करून मोकळे! शिक्षा मला द्यायची तर दे की. सोताच्या जिवाला कावून?"

बोलून ती मटकन खाली बसली. सिनेमात किती वेळा रडली होती ती, रुमाल धरून, नाक न पुसता. आता ती पदरात तोंड घालून भोकाड पसरून रडली.

साखराबाई भिंतीकडं तोंड ठेवूनच, खरखरत्या आवाजात म्हणाली, "लई गार होतं का गं पाणी?"

मोहिनीनं वर पाहिलं. तीन हप्त्यांत आई तिच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"म्या बगितलं होतं ते पोस्टर," साखराबाई म्हणाली. "तुजा बाप बगून आला, त्याच्या मागून मी बी गेलते. लोकाला काय दिसलं कुणाला ठावं. मला तुजे खांदे दिसले. कानाला लागलेले. तोंड हासायलंय आन खांदे वर. पोराला गार पाणी लागलं की ते तसंच करतंय. जलमभर पोरं न्हाऊ घातली म्या, मला कळना व्हय? म्या तितं बाजारात म्हणले, माज्या लेकराला हीव भरलंय."

तिला धाप लागली. मोहिनी सरकत जवळ आली, पण हात लावायची तिला छाती होईना.

"आन त्याच दिशी घरी येऊन, तुज्या बापानं म्हणल्याबरूबर, म्या वढ्यावर डोक्यावरून पाणी घेतलं. लेक तिकडं कुडकुडायली, आन मी हिकडं तिला मारून मोकळी झाले. न्हाई म्हणता आलं असतं मला. म्या न्हाई म्हणले न्हाई." साखराबाईचे पांढरे पडलेले डोळे वाहू लागले. "सटव्याच्या मायला पूर खोटा सांगितला व्हता. मला कुणी खोटं सांगितलं? तू आलीस, तांब्या म्होरं केलास. कोण्या तोंडानं पिऊ गं तुज्या हातचं? मेलेल्याच्या हातचं म्हून न्हाई. मारणारीनं कसं प्यावं?"

मोहिनीला वाटलं होतं, आईला आपली लाज वाटते. इतकी वर्षं ती हेच धरून बसली होती. समोर अर्धा सांडलेला तांब्या, आणि आईचे ओठ उललेले.

"माय," ती शेवटी म्हणाली, "सटव्याला केलं तसं मला कर."

"येडी का काय! या वयात? लोक हासतीन."

"लोक लग्नाला गेलेत."

साखराबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर ओढलं आणि लांब पसरलेले पाय नीट जुळवले. पडल्यापासून तिला पाय दुमडता येत नव्हते. त्या कामाला दुमडायचे नसतातच.

"आदी पाणी पी," मोहिनी म्हणाली.

"आदी न्हाणं. जा, पाणी ऊन कर."

"एवढ्या उन्हाळ्याचं?"

"कर म्हणले ना!"

मोहिनीनं चूल पेटवली. बादली पुढ्यात आणली तेव्हा साखराबाईनं कोपर बुडवून बघितलं आणि मान हलवली. आणखी ऊन पाहिजे. मोहिनी पुन्हा चुलीकडं धावली. तहानेनं म्हातारीची मान लटपटत होती, पण पाणी मनासारखं होईस्तोवर ती हटली नाही.

"आन ते साबण आण तुजं," ती म्हणाली. "पिशवीत लपवून ठिवतीस. तीन हप्ते झालं वास यायलाय मला."

मोहिनी जमिनीवर बसली, मग आडवी झाली आणि आईच्या पायाच्या नळ्यांवर तिनं डोकं ठेवलं. साखराबाईनं पहिला तांब्या ओतला, आणि मग तिचे हात थांबले नाहीत. तिनं केस चोळले, कानामागं बोटं फिरवली, मान धुतली. साबणाचा फेस आयुष्यात पहिल्यांदाच हाताला लागत होता, तो सटकायचा, तशी ती साबणालाच शिव्या घालायची. मग चाचपत चाचपत तिला नाक सापडलं. ते चिमटीत धरून तिनं दोनदा वर ओढलं.

"ह्ये नाक म्या काढलंय," ती म्हणाली. "सिनिमावाल्यानी न्हाई."

मोहिनी हसली आणि त्या हसण्यातच पुन्हा रडायला लागली. साखराबाईनं तिच्या खांद्यांवर पाणी ओतलं आणि हात ठेवून बघितलं. खांदे खाली होते, सैल.

"गार लागायलंय का?"

"न्हाई माय."

म्हातारीनं आपल्याच पदरानं तिचं डोकं पुसलं, पाठ पुसली. मग जमेल तेवढी खाली वाकली, ओल्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "बायडा. कुर्रर्र."

नंतर ती भिंतीला टेकली. अंगातलं सगळं बळ सरलं होतं. तिनं दोन्ही हात उचलून ओंजळ पुढं केली.

"बायडे, आता पाणी दे माय," साखराबाई म्हणाली. "लई तहान लागलीया."