वस्तादांचं फडकं

वस्तादांच्या खांद्यावरचं फडकं म्हणजे त्या खानावळीची शान, असं गिऱ्हाइकं म्हणायची. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! त्यांनी ते जवळून कधी पाहिलं नव्हतं. थोरली सून मात्र रोज पाहायची. त्यानंच सुरी पुसायची, त्यानंच ओटा, त्यानंच कपाळावरचा घाम. आणि ताट बाहेर जाताना त्याची कडा चकचकीत करायची, तीही त्यानंच! कडा स्वतः पुसल्याशिवाय वस्ताद ताट सोडत नसत, हा तर त्यांचा बाणा.

सासऱ्यांपुढे घरात कुणी ब्र काढत नसे. थोरलीनंही आजवर सगळं गिळलं होतं. पण गेल्या आठवड्यात धाकट्या जावेला जुलाब-उलट्यांनी आडवं पाडलं, आणि तिला सातवा महिना. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, खाण्यातून झालंय, पुन्हा झालं तर बाळाचं सांगता येणार नाही. वस्ताद मात्र घरी येऊन म्हणाले, "बाहेरचं काहीतरी चापलं असणार पोरीनं." बाहेरचं म्हणे! ती बिचारी कित्येक दिवसांत या स्वयंपाकघराबाहेर जेवलीच नव्हती.

आज ती दवाखान्यातून घरी यायची होती. ऐन जेवणाच्या गर्दीत वस्ताद स्वतः तिचं ताट वाढायला बसले. माणूस मायेचा, त्यात शंका नाही. कच्ची कोंबडी कापून झाली, सुरी खांद्यावरच्या फडक्याला पुसली, आणि त्याच सुरीनं तिच्यासाठी काकडी चिरून ताटात मांडली.

थोरलीचं डोकंच फिरलं. तिनं ताट उचललं आणि सरळ खरकट्याच्या बादलीत उपडं केलं.

"सूनबाई!" वस्ताद ओरडले. बाहेर जेवणाऱ्यांचे घास हातातच राहिले. गल्ल्यावर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं गल्ल्यात असं डोकं घातलं, जणू आत विहीर आहे.

"ओरडा मामंजी, खुशाल ओरडा. पण या हातचं ताट मी तिला देऊ देणार नाही."

"आयुष्य गेलं माझं या चुलीपुढं! आणि तू मला शिकवतेस? माझ्या हातात घाण आहे?"

"हातात नाही, खांद्यावर आहे." तिनं फडकं ओढून घेतलं, नळाखाली भिजवलं आणि ओट्यावरच्या स्टीलच्या पेल्यात करकचून पिळलं. "स्वच्छ आहे ना? मग प्या एक घोट. पुन्हा कधी तोंड उघडणार नाही मी."

वस्तादांनी डाव उगारला. "घराबाहेर काढीन तुला!"

"काढा ना! जावेला घेऊनच जाईन. तिचं बाळ मोठं की तुमचं फडकं?"

वस्तादांनी पेल्याकडे पाहिलं. हात काही पुढे झाला नाही. पण हार मानतील तर ते वस्ताद कसले! तोंड फिरवून ते कढईत डाव आपटत राहिले.

तेवढ्यात मागच्या दारानं धाकटी आली. उन्हातून आलेली, तोंड सुकलेलं, एक हात कमरेवर. "ताई, घसा कोरडा पडलाय गं," म्हणत तिनं समोरचा पेला उचलला.

थोरली वळेपर्यंत वस्तादांनी झेप घेतली. त्यांचा हात असा बसला की पेला खणखणत थेट भिंतीवर जाऊन आदळला.

"पिऊ नकोस पोरी! विष आहे ते!"

धाकटी भेदरून गेली. "विष? मामंजी, पाणीच होतं ना?"

थोरली आता मागे हटणार नव्हती.

"सांगा ना मामंजी, काय होतं पेल्यात?"

वस्तादांनी भिंतीशी पडलेला पेला उचलला.

"माझ्या फडक्याचं पाणी," ते शेवटी म्हणाले, आणि साबण घेऊन नळाकडे गेले.

थोरलीनं फडकं चुलीत घातलं आणि धुतलेल्या सुरीनं दुसरी काकडी चिरायला घेतली.