पाहुण्यांचं नेटवर्क

यंदा आमच्या घरात करिअरचा प्रश्न ऐरणीवर आला, तो आईच्या. आई एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसते. तिथल्या नेटवर्कच्या खोलीत एक जागा रिकामी होणार होती. तिच्या साहेबांनी सांगितलं होतं की नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा पास झालात तर ती खुर्ची तुमची.

मी आणि बाबांनी मात्र डिग्रीचा धोशा लावला. अठराव्या वर्षी आईला कॉम्प्युटरच्या डिग्रीला प्रवेश मिळाला होता. मग लग्न झालं, मग मी झाले आणि ते राहूनच गेलं. आता घरबसल्या डिग्री करता येते. मी स्वतः तीच डिग्री घेतलेली, ऑफिसात अ‍ॅप बनवते, त्यामुळे या बाबतीत मला सगळं कळतं असा माझा पक्का समज. बाबा बँकेत. त्यांच्या मते सर्टिफिकेट म्हणजे नुसता कोर्स, डिग्री म्हणजे शिक्षण. आईचं अधुरं स्वप्न पूर्ण करायच्या कल्पनेनं आम्हा दोघांना इतकं भरून यायचं, की जेवताना आम्ही एकमेकांकडे बघून माना डोलवायचो. आई ताटाकडे बघत जेवायची.

तिचा सराव चालूच होता. एका रविवारी तिने घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडले, राउटरच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं आणि संध्याकाळी ज्याचं त्याला परत केलं. आम्ही कौतुकाने हसलो.

दुसऱ्या दिवशी मी डिग्रीचं माहितीपत्रक छापायला घेतलं. फ्रिजवर लावणार होते. प्रिंटर ढिम्म हलेना. पुन्हा दाबलं. मग चिडून दाबतच सुटले, आमच्या घराण्याची पद्धतच आहे ती. बाबांचंही काही छापेना. आजोबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, मात्र आपलं शब्दकोडं फोनवरून मजेत छापून घेतलं आणि पेन्सिलीला टोक काढत बसले.

तेव्हा कुठे मी लॅपटॉपच्या स्क्रीनचा कोपरा नीट बघितला. नेटवर्कचं नाव होतं ‘पाहुणे’. बाबांच्या फोनवरही तेच. असं वेगळं नेटवर्क लोक बाहेरच्यांसाठी ठेवतात; इंटरनेट मिळतं, पण घरातला प्रिंटर दिसत नाही.

बाबांचा पारा चढला. दारावर पाटी त्यांच्या नावाची आणि पाहुणेही तेच. आईने शांतपणे सांगितलं की सराव चालू आहे.

मी आजोबांना गाठलं आणि तुम्हीच तेवढे लाडके कसे म्हणून विचारलं. ते म्हणाले, त्यांनी काहीच केलं नव्हतं. एकदा फक्त विचारलं होतं, की सूनबाई, त्या तारांमध्ये तुला एवढी कसली मजा येते? मग ती कितीतरी वेळ बोलत बसली. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण झोपही आली नाही, हे विशेष.

मला आधी राग आला, मग लाज वाटली. स्वयंपाकघरात आई ओट्यापाशी उभी राहून केबलचं टोक सोलत होती आणि आतल्या रंगीत तारा ओळीने लावत होती.

“आई, तुला काय करायचंय?”

तिने वर बघितलं नाही. “डिग्री हवी होती ती एका अठरा वर्षांच्या मुलीला. तिच्यासाठी तुम्ही दोघं फार गोड भांडता, पण ती आता इथे राहत नाही. मला काउंटरवरून उठून त्या खोलीत जायचंय. नेट बंद पडलं की लोक माझ्यावर ओरडतात. बिघाड कुठे असणार हे मला माहीत असतं, पण त्या दाराची किल्ली माझ्याकडे नसते.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“बोलत होते. तुम्ही माना डोलवत होतात.”

तिने हात पुसले, माझा लॅपटॉप मागितला आणि काहीतरी बदललं. बाहेरच्या खोलीत प्रिंटर खडबडून जागा झाला आणि मी चिडून दाबलेली सगळी माहितीपत्रकं एकामागून एक बाहेर पडू लागली. डिग्री, डिग्री, डिग्री. आईने गठ्ठा उचलला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पहिल्याच कागदावर तिने हॉस्पिटलचं नेटवर्क आखायला घेतलं.

तेवढ्यात बाबा फोन नाचवत आले. हिचं छापलं जातं, मग माझं का नाही, हा भेदभाव कशासाठी, अशी त्यांची तक्रार.

“तिने विचारलं,” आई म्हणाली. “तुम्ही अजून विचारलं नाहीत.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मी मान डोलवली नाही. मग त्यांनी फोन खिशात ठेवला, खुर्ची ओढली आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच तिला विचारलं.